तीन बैल, चार गाई

बोअरची मोटर घरघरत होती आणि शुआच्या रानातल्या नळ्या मात्र कोरड्या ठणठणीत होत्या. तिने गवती चहाच्या बुडाशी बोट खुपसून पाहिलं. वर धूळ, खालीही धूळच. ठिबकची काळी नळी दाबली तर आतून नुसती गरम हवा फुसकली. इथल्या बिनपावसाच्या जुलैचं ऊन सकाळीच डोक्यावर बसलं होतं, डोंगराकडच्या वणव्याचा धूर घशात जात होता, आणि आज पाण्याची पाळी तिची होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार पाणी लोर कुटुंबाचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार पलीकडच्या मेक्सिकनांचं. रविवारी बोअरला विसावा. मालकाने स्वतःच्या तोंडाने ठरवून दिलं होतं. आज बुधवार होता.

हातातला विळा तसाच घेऊन ती बांधाकडे निघाली. पलीकडच्या मिरचीच्या ओळी काळ्याशार भिजलेल्या होत्या. ऑरेलिया टोपीखाली तोंडाला फडकं गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून, खुरपत बसली होती. शुआ आल्याचं तिने पाहिलं आणि मान खाली घातली. तेवढ्याने शुआचं डोकं फिरलं.

"पाणी! आज माझं!"

"काल वीज नाही," ऑरेलिया बसल्या जागेवरून म्हणाली. "काल अर्धा दिवस बंद. मग आज अर्धा दिवस माझा."

"काल बंद ते तुझं वाईट. माझं नाही वाईट!"

दोघींना येणारी इंग्रजी ओंजळीत मावेल एवढीच. शुआच्या घरात लढाईतून पळून येताना सोबत आणलेली मोंग बोलत, ऑरेलियाच्या घरात मेक्सिकोच्या डोंगरातली मिश्तेक. स्पॅनिशसुद्धा ऑरेलिया मजुरांच्या टोळीत शिकलेली. त्यामुळे भांडण थोडक्या शब्दांत व्हायचं आणि उरलेलं ज्याच्या त्याच्या भाषेत, ज्याच्या त्याच्या रानात, दिवसभर चालायचं.

शुआ वाकली आणि तिने कॉक फिरवला. लोखंड उन्हाने तापलेलं होतं, तळहात भाजला, तरी तिने सोडलं नाही. ऑरेलिया उठून आली.

"तुला सरकार देतं," ती म्हणाली. "कागद देतं. डॉक्टर देतं. तांदूळ देतं. पाणी पण तुलाच पाहिजे?"

"तुझा नवरा कामावर. दीर कामावर. मोठी मुलगी द्राक्षांच्या शेडमध्ये. तीन पगार!" शुआने तिच्या नाकासमोर तीन बोटं नाचवली. "माझ्या घरी एक पगार नाही. हे रान, बास. तुझं रान म्हणजे वरकमाई!"

"पगार?" ऑरेलियाने फडकं खाली ओढलं. तिचे ओठ उन्हाने फुटले होते. "तू ये. एक दिवस उचल ते द्राक्षाचे ट्रे. मग बोल पगार."

आणखी बरंच झालं असतं, पण तेवढ्यात धूळ उडवत मालकाची जुनी गाडी आली. हागोप म्हातारा आर्मेनियन होता. त्याचा आजा जळत्या गावातून पळून या भागात आला आणि द्राक्षांच्या जिवावर उभा राहिला, हे तो भेटेल त्याला सांगायचा, कुळांना तर खंड घेताना हमखास. आज त्याने आज्याचं नाव काढलं नाही. काठी टेकत तो मोटरीपाशी गेला, पाइपाला कान लावला आणि दोघींना हाताने जवळ बोलावलं.

"ऐका. ही हवा ओढतेय."

दोघींनी ऐकलं. पाइपात पाण्याच्या आवाजाबरोबर मधूनच उचकी लागल्यासारखा आवाज येत होता.

"चारी बाजूंनी बदामवाल्यांनी खोल बोअर मारलेत. पाणी खाली गेलं. मला नवा बोअर परवडत नाही, आणि या बोअरवर दोन रानं भिजणार नाहीत. गवती चहा निघेपर्यंत, झेंडू निघेपर्यंत कसंबसं चालवा. पुढल्या हंगामाला एकच कूळ राहील. दहाच्या दहा एकर त्यालाच."

"कोण?" दोघींनी एकदमच विचारलं.

"विचार करतो," हागोप म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

संध्याकाळी लोरांच्या गॅरेजमध्ये उद्याच्या बाजाराच्या जुड्या बांधणं चाललं होतं. शुआ तुळस निवडत होती, तिचा नवरा नेंग चवळीच्या हातभर लांब शेंगा सरळ करून ठेवत होता. सासू बुटक्या स्टुलावर बसून गवती चहाच्या काड्यांना रबर घालत होती. म्हातारीच्या दोन्ही मनगटांत रबरांच्या बांगड्या भरलेल्या असायच्या; त्यातलं एकेक बोटाने सरकवून ती न बघता जुडी बांधायची. हाताला पानांनी बारीक चिरा पडलेल्या, त्यांत माती बसून त्या काळ्या झालेल्या.

"गेलं म्हणा हे रान," नेंग म्हणाला. "त्यांच्या घरात कमावते किती, आपल्या घरात कमावतं कोण? माझा गुडघा असा. म्हातारा त्यांनाच देणार."

"का म्हणून?" शुआ उसळली. "आपण पंधरा वर्षं कसतोय. ते काल आले. आणि त्यांना काय रान पाहिजे हो? आज द्राक्षं, उद्या संत्री, परवा आणखी काही. हात हलवला की शुक्रवारी चेक. गावाकडं दोन मजली घर बांधलंय म्हणे. आपलं गाव तरी राहिलंय का कुठं घर बांधायला?"

"इथं राहायचे कागद नाहीत त्यांच्याकडं," नेंग खाली बघत म्हणाला. "एक फोन केला कुणी तर…"

म्हातारीने हातातली जुडी त्याच्या अंगावर फेकली. "जीभ झडेल! पळून येताना नदीकाठाला आपली नावं पण असंच कुणीतरी शिपायांना सांगितली होती. तुझा मोठा भाऊ तिथंच राहिला, ठाऊक आहे ना? पुन्हा हे तोंडातून काढायचं नाही."

 नेंगने जुडी उचलून पुन्हा तिच्यापुढे ठेवली.

"फोन नको नि काही नको," म्हातारी नवं रबर सरकवत म्हणाली. "मालकाकडं जा आणि सरळ सांग, आमच्याकडं काही नाही. निर्वासितांच्या कॅम्पात काय करत होते मी? गोरी बाई वही घेऊन आली की कोंबडी टोपलीखाली. तुम्हा पोरांच्या अंगातले धड सदरे काढून ठेवायची. शेजारीण बया चांदीचा हार घालून बसायची मिरवत. तिला तांदूळ मिळाला अर्धा. मला पुरा. ज्याच्याजवळ कमी, त्याला जास्त. या देशातल्या मदतीच्या ऑफिसातपण तेच. कमी दाखवा. देणाऱ्यासमोर रिकामे हात दाखवायचे असतात."

"हो आई," शुआ म्हणाली. तिने हे शंभरदा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी ते खरं ठरलं होतं. ती स्वतः त्या ऑफिसात जाताना कानातले काढून जायची आणि टाचेला भोक पडलेले बूट घालायची. त्या बुटांना घरात ऑफिसचे बूटच म्हणत.

पुढच्या आठवड्यात म्हातारी गेली. सकाळी उठवायला गेले तर गार पडलेली. अंग धुताना शुआने तिच्या मनगटातली रबरं काढली. त्यांचे वळ कातडीवर तसेच होते. शुआ तेव्हा पहिल्यांदा रडली, आणि मग रडायला फुरसत मिळाली नाही.

मोंगांत माणूस साध्यासुध्या रीतीने मरत नाही. तीन दिवस ढोल, बांबूचं वाद्य, आल्यागेल्याला भात आणि मटण, आणि मेलेल्याला पलीकडच्या वाटेवर सोबतीला गाई. पोटच्या प्रत्येक लेकाच्या घरची एक, प्रत्येक लेकीच्या सासरची एक. म्हातारीचे दोन लेक, दोन लेकी जिवंत होत्या. गाई आणल्या नाहीत तर म्हातारी तिकडे पूर्वजांत रिकाम्या हातांनी जाणार आणि इकडे तिची पोरं भाऊबंदांत तोंड दाखवू शकणार नाहीत. ऑफिसातल्या बाईला रिकामे हात दाखवता येतात, मेलेल्या आईला दाखवता येत नाहीत.

धाकटा लेक म्हणून सगळी धावपळ नेंगवर आली. हयात असलेला थोरला भाऊ मिनेसोटात, बहिणी दूरच्या गावांत. सगळ्यांनी कळवलं, आमच्या नावाची तूच बघून ठेव, पैसे पाठवतो. नेंगच्या स्वतःच्या गाईला तर भावकीने वर्गणी काढली, आणि ती पुढे त्यांच्या घरी कुणी गेलं की फेडायची होती. दुष्काळाने चारा नव्हता, जनावरं महागली होती. नेंग आणि शुआ जनावरवाल्याच्या वाड्यावर गेले तेव्हा दुपारचं ऊन पत्र्यावरून परतून डोळ्यांत जात होतं. नेंग कुंपणाला टेकून गाई बघू लागला. शुआ ट्रकच्या सावलीत उभी राहिली.

आणि तिला दिसला एलोय. ऑरेलियाचा नवरा. धुतलेला शर्ट, डोक्यावर नवी टोपी, बाजूला ऑरेलिया. एलोय कुंपणाच्या आत शिरून बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होता, मांडी चाचपत होता. त्याने एकावर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. वाडेवाल्याने तिन्हींच्या पाठीवर खडूने रेघ मारली.

शुआने रेघा मोजल्या. तीन बैल! एवढा पैसा असलेली बाई अर्ध्या दिवसाच्या पाण्यासाठी माझ्याशी भांडते.

त्याच वेळी पलीकडून वाडेवाल्याचा माणूस ओरडला, "मिस्टर लोर! तुमच्या चार झाल्या!" आणि त्याने नेंगसमोरच्या चौथ्या गाईवर रेघ ओढली. ऑरेलियाने वळून पाहिलं. आधी चार गाई पाहिल्या, मग शुआला पाहिलं, पायांपासून डोक्यापर्यंत. शुआच्या पायांत ऑफिसचे बूट होते, कारण गोठ्यात जायचं म्हणून तिने जुनेच घातले होते. ऑरेलिया नवऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलली आणि दोघं हसले.

शुआने मान फिरवली. ते हसू तिच्या मनात काट्यासारखं राहिलं. अंत्यविधीच्या तीन दिवसांत, हजार भांडी घासताना, पाहुण्यांना पाणी देताना, मधूनच ते टोचायचं.

म्हातारीला मातीत ठेवून घरी आले त्याच आठवड्यात शनिवारी पलीकडे सण आला. ऑरेलियाच्या गावच्या संताचा दिवस, आणि यंदा यजमानपण एलोयकडे आलेलं. बांधाच्या टोकाला त्यांचं पत्र्याचं घर होतं, त्याच्या अंगणात मंडप घातला होता. सकाळपासून पितळी वाजंत्री सुरू झाली. एवढा मोठा बाजा की शुआच्या छातीत घुमू लागलं. मोठ्या पातेल्यांतून मिरचीच्या रश्शाचा वास सुटला. गाड्या आल्या, आणखी गाड्या आल्या. अंगणात मावेनात तेव्हा बांधावर लागल्या. बांधावर मावेनात तेव्हा शुआच्या शेंगांच्या ओळीत शिरल्या. शुआ धावत जाईपर्यंत एका गाडीने दोन ओळींचे वेल काठ्यांसकट आडवे केले होते.

"अरे ए! शेत आहे! दिसत नाही?"

गाडीतल्या माणसाने टोपी काढून हसून मान लववली आणि तो मंडपाकडे गेला. शुआ मोडलेली काठी हातात घेऊन तिथंच उभी राहिली. तोडायला आलेल्या शेंगा चाकाखाली चिरडून हिरवा रस मातीत मिसळला होता.

दुपारी ऑरेलिया स्वतः बांधापर्यंत आली. भरतकामाचा पांढरा झगा, कानांत सोन्याचे लोलक, हातात चकचकीत कागदाने झाकलेला ट्रे. घामाने तिचा चेहरा लाल झाला होता, पण मान ताठ होती.

"खा," ती म्हणाली. "सण. चारशे माणूस जेवलं. अजून आहे. किती पण आहे."

"तुझी गाडी. माझ्या शेंगा," शुआने चिरडलेल्या ओळीकडे हात केला.

ऑरेलियाने तिकडे पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा पडला. मग तिने ट्रे पुढे केला. "मांस. तीन बैल. चांगलं मांस."

तिला कदाचित भरपाई द्यायची असेल. शुआला ऐकू आलं ते एवढंच, तीन बैल. तिने ट्रे घेतला आणि ट्रकच्या तापलेल्या टपावर ठेवून दिला. ऑरेलियाच्या डोळ्यांदेखत. तो तिथंच राहिला, संध्याकाळपर्यंत, माश्या घोंगावत. ऑरेलियाने तो मंडपातून दोन-तीनदा पाहिला. नंतर शुआने तो कुत्र्यापुढे उलटा केला.

"उद्या जाते मालकाकडं," रात्री जेवताना ती नेंगला म्हणाली. "आई सांगून गेलीय."

"काय सांगणार?"

"खरं तेच. आमच्याकडं काही नाही. त्यांच्याकडं सगळं आहे. त्यांना रान कशाला?"

नेंगने गुडघ्याला मलम चोळता चोळता मान हलवली. त्यालाही ते बरोबर वाटलं.

हागोपच्या घरी जाताना शुआने नीट तयारी केली. कानातले काढले. कोपरावर विरलेला सदरा घातला. ऑफिसचे बूट घातले. ट्रक मुद्दाम लांब, कालव्यापाशी लावला आणि उरलेली वाट ती चालत गेली, म्हणजे पोचेपर्यंत अंगावर धूळ बसावी. सासूच्या शाळेतली ती सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी होती.

हागोपने तिला स्वयंपाकघरात बसवलं, पाणी दिलं. "सासूचं कळलं. वाईट झालं. आमच्या आज्याची आई वाटेतच गेली होती, पुरायलासुद्धा मिळालं नाही."

"आमचं पण वाईट," शुआ म्हणाली आणि तिने तळहात उलटे करून त्याला दाखवले. गवती चहाने चिरलेले, रेषारेषांत माती. "काही नाही आमच्याकडं. नवऱ्याचा गुडघा गेला. म्हातारी गेली. घरात पगार नाही. हे रान गेलं की आम्ही कुठं? वर्षाचा खंड एकदम मागाल तर मरू. थोडा-थोडा देऊ. देतोच की."

"देता खरं. उशिरा देता, पण देता." हागोपने कपाळ चोळलं. "मी पण विचार करत होतो. तुम्ही जुने. तुमचंच…"

शुआ एवढ्यावर थांबली असती तर. पण शुआच्या पोटात आठवडाभर साठलेलं होतं, तीन बैल होते, बाजा होता, चिरडलेल्या शेंगा होत्या, ते हसू होतं. ती पुढे वाकली.

"त्यांना काय गरज? मी सांगते. एलोयने तीन बैल घेतले. एकदम! चारशे माणसं जेवली. बाजा आणला, शहरातून, दिवसभर. तिच्या कानांत सोनं, एवढं मोठं. पैसा, पैसा, पैसा! हे रान त्यांना खेळ."

हागोपने तिच्याकडे पाहिलं. "तीन बैल?"

"तीन."

"तू स्वतः पाहिलेस?"

"माझ्या डोळ्यांनी. वाड्यावर. खडूची रेघ मारलेली पण पाहिली."

"रोख दिले की उधार?"

उधार दिसले असते तरी शुआने सांगितलं नसतं. "रोख," ती म्हणाली. "खिशातून. असे."

हागोपने टेबलावर बोटाने काहीतरी हिशेब केला. मग त्याने मान हलवली, तो उठला आणि तिला दारापर्यंत सोडायला आला. टोपलीतली चार अंजिरं त्याने तिच्या हातात ठेवली. शुआ अंजिरं खात ट्रककडे चालत गेली. काम फत्ते झालं असं तिला वाटलं. घरी गेल्यावर सासूच्या फोटोसमोर तिने शेवटचं अंजीर ठेवलं.

आठवड्याने हागोप मोटरीपाशी आला. बुधवार होता, पाणी शुआचं होतं, नळ्या चालू होत्या. नेंगही वांग्यांच्या ओळीतून लंगडत आला. हागोपने घसा साफ केला.

"रान एलोय आणि ऑरेलियाला देतोय. नवीन वर्षापासून."

शुआला वाटलं इंग्रजी आपल्याला नीट कळली नाही. तिने नेंगकडे पाहिलं. नेंगच्या चेहऱ्यावरून कळलं की नीटच कळली होती.

"पण ते श्रीमंत!" ती ओरडली. "मी सांगितलं ना तुम्हाला! आमच्याकडं काही नाही!"

"म्हणूनच," हागोप म्हणाला. तो चिडला नव्हता, त्यालाही अवघडल्यासारखं झालं होतं. "शुआ, मी सरकार नाही. मला बँकेचा हप्ता आहे. ती बाई तुझ्या आधीच येऊन गेली होती, इस्त्रीचे कपडे घालून. म्हणाली, अख्ख्या वर्षाचा खंड आगाऊ देते. मला पटलं नाही. या लोकांना बढाई मारायची सवय असते, म्हटलं, देणार कुठून? मी तुम्हालाच ठेवणार होतो. आणि मग तू आलीस."

"मी?"

"तिने स्वतःबद्दल सांगितलं ते मी सोडून दिलं. पण तू? तुझं तिच्याशी उभं वैर. तू कशाला तिचं चांगलं सांगशील? तू म्हणालीस रोख, डोळ्यांनी पाहिले, तेव्हा माझी खात्री पटली."

हागोपची गाडी गेली तसा नेंग तिच्याकडे वळला. मग म्हणाला, "रोख होते का ते बैल?"

शुआ वाकून ठिबकची नळी सरळ करू लागली.

"बोल की! रोख होते?"

"मला काय ठाऊक!"

"मग म्हणालीस कशाला?" नेंगने हातातली वांग्याची पाटी जमिनीवर आपटली. "पंधरा वर्षं! पंधरा वर्षं या मातीत हाडं घातली मी, आणि तू एका शब्दात देऊन आलीस. तिला! वर अंजिरं खात आलीस!"

"तुमच्या आईनेच शिकवलं!"

"आईनं स्वतःचं कमी दाखवायला शिकवलं होतं. दुसऱ्याचं जास्त सांगायला नाही!"

शुआ खाली बसली आणि सांडलेली वांगी पाटीत भरू लागली.  तिला रडू येत नव्हतं, तिला ऑरेलियाचा गळा धरावासा वाटत होता.

ऑक्टोबर सरत आला तेव्हा ती गवती चहा उपटायला लागली. थंडी पडायच्या आधी ठोंब निघायला हवे होते. दुसरीकडे कुठं जागा मिळाली तर लावता येतील, नाही मिळाली तर गेले. एकेक ठोंब कुदळीने चारी बाजूंनी मोकळा करायचा, मुळं तोडायची, पानं गुडघ्यापाशी छाटायची, पोत्यात भरायचं. पानांनी मनगटावर चिरा पडत. सासूची रबरं आता तिच्या मनगटांत होती. पलीकडे झेंडू फुलला होता, सबंध रान पिवळंजर्द. ऑरेलियाच्या लोकांचा मेलेल्यांचा सण तोंडावर आला होता आणि ती एकटीच फुलं तोडत होती. इतर वर्षी एलोय, दीर, मुलगी, सगळे असायचे.

तोडता तोडता ती बांधाशी आली. दोघींत आता एक पाइप तेवढा होता. शुआने कुदळ थांबवली नाही.

"मालक म्हणाला," ऑरेलिया म्हणाली. "तू सांगितलं. तीन बैल."

कुदळ मातीत रुतली ती शुआने ओढून काढली.

"बैल माझे नाही," ऑरेलिया म्हणाली. ती हळू आणि मोजकं बोलत होती, जणू हे शब्द तिने आधी जुळवून ठेवले होते. "एक एलोयच्या भावाने दिला. तो यजमान होईल तेव्हा मी देणार. एक माझ्या मुलाच्या चर्चमधल्या धर्मपित्याने. तो पण मी परत देणार. एक आम्ही आधी कुणाला दिला होता, तो परत आला. बाजा दुसऱ्याने. पीठ दुसऱ्याने. माझं फक्त अंगण."

"मग पैसे?" शुआच्या तोंडून गेलंच. "वर्षाचा खंड?"

"मला वाटलं, मालक मोठं बोललेलं ऐकतो आणि मग थोडं-थोडं घेतो. सगळे तसंच करतात. ठेकेदार विचारतो, इतकी झाडं झेपतील? तू म्हणते, झेपतील, दुप्पट झेपतील. नाही म्हटलं तर दुसऱ्याला घेतो. मी पण तसंच म्हटलं." तिने फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. "पण मालक म्हणाला, नाही, सगळे आत्ता. तीन बैल घेते, रोख, मग आत्ता दे. कुणी पाहिलंय म्हणाला. मग भरले सगळे."

तिच्या कानांत लोलक नव्हते. भोकं तेवढी दिसत होती. अंगणात एलोयचा ट्रकही नव्हता, हे शुआच्या आत्ता ध्यानात आलं. कितीतरी दिवस नव्हता.

"एलोय रात्री गोठ्यात, डेअरीत. दिवसा द्राक्षं होती, आता संत्री. झोपत नाही," ऑरेलिया म्हणाली. मग तिने मान वर केली आणि डोळे बारीक केले. त्यात पुन्हा तेच जुनं काहीतरी आलं, वाड्यावरचं. "आणि तुझ्या? चार गाई. मी पाहिल्या. चार! तुझ्या होत्या?"

शुआ कुदळीवर टेकून उभी राहिली. एक थोरल्या दिराची होती. दोन नणंदांच्या सासरच्या. आणि जी तिची होती ती भावकीच्या वर्गणीची, कुणाकुणाच्या घरी मरण आलं की फेडत बसायची. नाही म्हणायला तोंड उघडायचा अवकाश होता. आजवर तिने आयुष्यात प्रत्येकाला तेच सांगितलं होतं, वहीवाल्या गोऱ्या बाईला, ऑफिसातल्या बाईला, मालकाला. आमच्याकडं काही नाही. आज ते सोळा आणे खरं होतं.

समोर ऑरेलिया वाट बघत उभी होती.

"माझ्या," शुआ म्हणाली. "चारही माझ्या."

ऑरेलियाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिने मान डोलावली, मोठ्या माणसासमोर डोलावतात तशी.

"म्हणजे तुला मिळेल दुसरं रान," ती म्हणाली आणि वाकून झेंडू तोडायला लागली.

शुआने पोत्याचं तोंड बांधलं, गुडघा टेकून ते पाठीवर घेतलं आणि ट्रककडे चालू लागली.